तुकड्यांची फरशी

धर्माबाद सुटलं की बासर.
मधे नदी नाही.
गंगा लागते बासरच्या पुढं,
तोवर मुलूख बदलून गेलेला असतो
आणि डब्यातलं कुणी मान वर करत नाही.
पुलावर आल्यावर मग हात जोडतात, नाणी टाकतात.
मीही टाकली एकतीस वर्षं,
जाताना एक, येताना एक.
जातानाचं मोठं,
मागायचं जास्त असायचं तेव्हा.

बाप गेला तेव्हा ते परकं नव्हतं.
बोधनच्या साखर कारखान्यात चुन्याच्या भट्टीवर होता.
छप्पन साली कुणीतरी कागदावर रेघ ओढली,
बाप त्या दिवशी दुसऱ्या पाळीत.
रात्री अकराला फाटकाबाहेर आला
तो परराज्यात.
म्हणायचा, मी कुठं गेलो रे,
गावच उठून पलीकडं जाऊन बसलं.

माझं नाव त्यानं सायलू ठेवलं,
तिकडं पोटाला जाताना अडायला नको म्हणून.
गुरुजींनी हजेरीत शाहूराज लिहिलं.
हैद्राबादेत मेस्त्री हाक मारायचा, ए मराठी!
सुट्टीत आलो की पारावरची म्हणायची,
आला का तेलंग्या.
ज्यानं ज्या नावानं हाक मारली
त्याला ओ दिली.

काम फरशी घासायचं.
पाणी सोडायचं, मशीन धरायचं,
पांढरा चिखल घोट्यापर्यंत.
घासता घासता एका क्षणी दगडात पंखा दिसायला लागतो,
मग ट्यूबलाइट,
मग आपलं तोंड.
तोंड दिसलं की काम संपलं,
त्या घरात परत पाय टाकायचा नाही.

घरी मात्र शेणाची जमीन.
यमुना दर शनिवारी सारवायची.
मनिऑर्डर यायची ती दवाखान्यात, पोरीच्या वह्यांत,
पत्र्याच्या दोन पानांत जायची.
तेव्हा मी तुकडे आणायला लागलो.
कापून उरलेले, कोपरा उडालेले,
दिवाळीला दोन, पाडव्याला तीन,
पिशवीत कपड्यांच्या घडीत.
एकदा नांदेडला टीसीनं पिशवी उचलली,
काय भरलंय रे, दगड?
हो साहेब, दगड.

हा काळा कडप्पा मलकपेठच्या डॉक्टराचा.
हा हिरवट, कुकटपल्लीच्या लग्नाच्या हॉलचा.
हा शहाबादी कुठला ते आठवत नाही.
मोरीपाशी संगमरवराचा एक, तळहाताएवढा,
यमुनेनं तिथंच लावायला लावला,
म्हणाली, पाय धुताना बरा वाटतो.
बावीस वर्षं लागली खोली भरायला.
चुलीमागचा हातभर कोपरा राहिला तो राहिलाच,
आधी ती गेली, मग गुडघे गेले.

आता मिरचीच्या अडतीवर काटा धरतो.
माघ लागला की सकाळच्या पॅसेंजरनं
तिकडच्या बाया येतात देठ खुडायला,
नाकावर पदर, बोटांना खोबरेल.
आमच्या पोरी ते काम करत नाहीत,
आमच्या पोरी पुण्यात पॅकिंगला.
माझी चाकणला आहे.

परवा दुपारी पोचव्वाला ठसका लागला, थांबेना.
घर जवळ, म्हणून पाणी प्यायला आणलं.
भिंतीला टेकून बसली.
माझा माणूस दुबईत आहे, म्हणाली,
सिमेंट कालवतो.
पाच वर्षं झाली.
मग बोटानं एकेक तुकडा चाचपत
चुलीपर्यंत गेली,
उघड्या मातीवर हात ठेवला
आणि विचारलं, मीदि ए ऊरु?
तुमचं गाव कुठलं?

तेलुगू मला घरच्यासारखी येते.
तांब्या तिच्याकडं सरकवला.
बाहेर अडतीवरून कुणीतरी ओरडत होतं,
सायलू, अरे काटा मोकळा पडलाय.
तिनं पदर वर घेतला,
मी चप्पल शोधायला लागलो.